गावपळणीत चुलीवर राहिलेला तवा

मित्रांनो, मला हात लावण्याआधी बोटं पाण्यात बुडवून घ्या. मी बिडाचा तवा आहे, वयाने जुना, आणि मी केव्हा गरम असेन ते सांगता येत नाही. चुलीत विस्तव नसला तरीसुद्धा. असं का, ते सांगायलाच आज तुमच्यासमोर बसलो आहे.

पण आधी पूर्वरंग. ज्या बाईने मला घरी आणलं ती म्हणायची, जो पूर्वरंग चुकवून नुसत्या आख्यानाला येऊन बसतो त्याच्या पदरात अर्धंच कीर्तन पडतं. तेव्हा जरा धीर धरा.

बीड म्हणजे ओतीव लोखंड. मला वाळूच्या साच्यात ओतलं तेव्हाचं काही आठवत नाही. जन्म कुणाला आठवतो? आठवतं ते आचऱ्याच्या देवळासमोरचं रामनवमीच्या उत्सवातलं दुकान. आत कीर्तन संपलं होतं, माणसं डोळे पुशीत बाहेर पडत होती, त्यात शेवंती होती. बुवांनी त्या दिवशी अन्नदानाचं आख्यान लावलं होतं. भरल्या डोळ्यांनी ती थेट भांड्यांच्या दुकानाशी आली. दुकानदाराने मला बोटाने वाजवून दाखवलं. टण्ण.

"झांजेसारखो वाजता रे," शेवंती म्हणाली. "ह्योच दी."

"ह्येच्या कानाक खळगो आसा गो. दुसरो घे."

ओतताना माझ्या एका कानाला, म्हणजे धरायच्या कडीला, खालच्या अंगाने खोलगट खळगा पडला आहे. शेवंतीने त्यात आंगठा ठेवून पाहिला. तो असा बसला, जशी कीर्तनकाराच्या बोटात चिपळीची कडी बसते.

"ह्यो माझ्याच आंगठ्याक केलेलो आसा," ती म्हणाली, आणि मला डोक्यावर घेऊन घरी आली.

तिने मला कितीतरी दिवस नुसतं तेल पाजलं. कांदे भाजले, परतले, फेकले. पहिले घावणे कोंबड्यांनी खाल्ले. मग एका सकाळी माझ्यावरून घावणा पान गळावं तसा अलगद सुटला आणि शेवंतीने चुलीला हात जोडले.

घावणा तुम्हाला माहीत असेल. नसेल तर सांगतो. तांदूळ भिजत घालायचे, सकाळी वाटायचे, ताकासारखं पातळ करून मीठ घालायचं आणि तापल्या तव्यावर भराभर ओतायचं. नारळाच्या सोडणाची, म्हणजे वरच्या सालीची, शेंडी तेलात बुडवून आधी माझ्या अंगावरून फिरवायची. पीठ पडलं की चुर्रर्र आवाज होतो, झाकण पडतं, आणि झाकण काढलं की वर नाजूक जाळी आलेली असते. शेवंती हे सगळं गुणगुणत करायची. कीर्तनात ऐकलेली चाल, शब्द निम्मे विसरलेले. ओतण्याची लय आणि चालीची लय एकच असे, त्यामुळे तिचा घावणा कधी वेडावाकडा झाला नाही.

तिचा एकच कडक नियम होता. "घावण्याचा पीठ थांबता कामा नये," ती म्हणायची. "थांबला की तेच्यात कोण कोण रवाक येता."

रवाक येतं म्हणजे राहायला येतं. मला वाटायचं, ही काहीतरी गमतीने बोलते.

मित्रांनो, पुढे मला वाईट दिवस आले. सायकलवर भोंगा वाजवीत पाववाला दारात येऊ लागला. सकाळी पाव, संध्याकाळी खारी, पाहुणे आले की बटर. शेवंतीचा मुलगा निकेत मोठा झाला, त्याने टेम्पो घेतला, शिरोड्याची दिव्या त्याची बायको होऊन आली. दिव्याने येताना काळाभोर, हलका, न चिकटणारा तवा आणला. माझ्या वजनाने तिचं मनगट दुखायचं. तिचं काय चुकलं? मला मागच्या पडवीत नेलं, आणि कोंबड्यांच्या खुराड्याच्या तोंडावर झाकण म्हणून उभं केलं. अंगावर गंज चढला. पहाटे कोंबडे माझ्या पाठीवर चोच मारीत आणि मी टण्ण वाजे. शेवंती आतून म्हणायची, "झांज वाजली. उठा."

मग संचिता जन्मली, आणि ती चार पावलं चालू लागल्यावर एका सकाळी चहात बुडवलेला पाव खाऊन तिच्या अंगावर गांधी उठल्या. दुसऱ्या वेळी ओठ सुजले. तिसऱ्या वेळी आंबोळी खाल्ली होती, आणि तिचा श्वास शिट्टीसारखा वाजू लागला. निकेतने तिला टेम्पोत घातलं आणि कणकवली गाठली.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सुई दिली, श्वास खाली बसल्यावर दिव्याला समोर बसवून सांगितलं. "हिला खमीर चालत नाही. यीस्ट. पाव, खारी, बटर, केक बंद. आंबवलेलं पीठही नको. आंबोळी, इडली, डोसा, काहीच नको. या खेपेला वेळेवर आणलंत. दर खेपेला वेळ मिळेलच असं नाही."

"पण खमीर म्हणजे नेमकं काय, मॅडम?"

"जीवच असतो तो. डोळ्यांना दिसत नाही. पिठात बसून श्वास घेतो, म्हणून पीठ फुगतं."

दिव्या घरी येऊन स्वयंपाकघरात रडत बसली. "आई, सकाळचा तेका देव तरी काय? पाव नाय, आंबोळी नाय. फुडे शाळेत गेला की डब्यात काय घालू?"

"पाव येवच्या आधी ह्या गावातली लोका उपाशी मरत होती काय गो?" शेवंती म्हणाली. पदर खोचून पडवीत गेली आणि तिने मला खुराड्याच्या तोंडावरून उचललं. कोंबड्या सगळ्या घरभर झाल्या. राखेने आणि काथ्याने तिने माझं अंग इतकं घासलं, की मला पुन्हा साच्यातून निघाल्यासारखं वाटलं.

त्यानंतर आमच्या घरात पावाला जागा उरली नाही. सकाळी घावणे आणि नारळाचा रस. कधी तांदळाच्या उकडीची भाकरी, टम्म फुगणारी. ती वाफेने फुगते, खमिराने नव्हे. पावसात नाचणीची भाकरी. सणाला शिरवाळे, म्हणजे तांदळाच्या शेवया, नागपंचमीला हळदीच्या पानातल्या पातोळ्या. ती कामं मोदकपात्राची आणि सोऱ्याची, पण मी बाजूला बसून ऐकायचो. शाळेच्या डब्यात चून, म्हणजे गूळखोबरं, घालून गुंडाळलेला घावणा. संचिताला कुणी पाव देऊ केला तर ती म्हणे, "माका नको. माका माझो जाळीचो पाव आसा."

दिव्याही शिकू लागली. तिचे घावणे माझ्यावर चिकटत. ती कालथ्याने खरवडत म्हणायची, "आई, तवो धरता."

"धरणा नाय ता. तो तुका थांब म्हणता."

"तो म्हणता, की तुमी म्हणतास?"

"आमी दोघा एकच," शेवंती म्हणाली, आणि सासूसुना इतक्या हसल्या की तो घावणा जळला.

एका वर्षी रामनवमीच्या कीर्तनाला शेवंती नेहमीप्रमाणे खांबाशी बसली. घरी आली, ओटीवर टेकली, पाणी मागितलं. दिव्या तांब्या घेऊन आली तेव्हा पाणी पिणारी गेली होती. चेहऱ्यावर कीर्तन ऐकतानाचाच भाव होता.

संचिता रडली नाही. दुसऱ्या सकाळपासून पहिल्या घावण्याचा तुकडा मोडून ती मागच्या दाराच्या पायरीवर ठेवू लागली. "आजी खाता," ती सांगायची. कावळा नेत असेल. मी काही त्या पायरीपर्यंत पाहू शकत नाही.

इथे माझा पूर्वरंग संपला.

आमच्या आचरे गावात दर काही वर्षांनी गावपळण होते. देवाला कौल लावतात, आणि कौल झाला की सगळं गाव उठून वेशीबाहेर जातं. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, मांजरं, सगळं. तीन दिवस, तीन रात्री गावात चूल पेटत नाही, जातं किंवा मिक्सर फिरत नाही, केर काढला जात नाही. वेशीपलीकडे झावळ्यांच्या झोपड्या घालून लोक राहतात, भजनं करतात, पोरं खेळतात. हौसच असते ती. पण ते दिवस गाव देवाचं, आणि देवाबरोबर आणखी जे कोण असतील त्यांचं. तिथे काय होतं, ते माणसांनी विचारायचं नाही. कुणी विचारतही नाही.

मित्रांनो, ते पाहिलेला मी आहे.

निघायच्या सकाळी घरात धांदल होती. झोपडीत मिक्सर नसणार, म्हणून दिव्याने उद्यासाठीचं घावण्याचं पीठ आधीच वाटून घेतलं. मऊ व्हावं म्हणून मूठभर भात घातला आणि घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भरलं. डबा तोच, ज्यात ती पूर्वी निकेतसाठी आंबोळीचं पीठ ठेवायची. धुतलेला होता. उडीद नाहीत तर पीठ कशाला आंबेल, असं तिला वाटलं. शेवंती असती तर तिने तो डबा उचलून अंगणात ओतला असता. पण शेवंती भिंतीवर हार घालून बसली होती.

निघायच्या वेळी मी चुलीवर होतो, सकाळच्या घावण्यांनी तापलेला. "निवलो की घेतंय," दिव्या म्हणाली. मग कोंबड्या पकडायच्या होत्या, गाय बांधायची होती, शेजारचे सत्यवानकाका "चला, चला, वेळ झाली" म्हणत दारोदार फिरत होते. चुलीत पाणी शिंपडलं गेलं. डबा टेम्पोत, इंजिनाच्या बाजूला, ताडपत्रीखाली गेला.

संचिता उंबऱ्यात थांबली. "आजी येवची नाय?"

"गप रव. चल."

कडी लागली. टेम्पोचा आवाज लांब गेला. मी चुलीवर राहिलो.

रात्रीचं मी काही सांगणार नाही. रात्री भीती सगळ्यांनाच वाटते. मला सांगायचंय ते दुसऱ्या दिवशीच्या लख्ख उन्हातलं.

सकाळ झाली आणि कोंबडा आरवला नाही. कावळासुद्धा नाही. तुम्ही कधी अशी सकाळ ऐकली आहे? गावात एकही घसा नसलेली? कौलाच्या काचेतून उन्हाचा चौकोन भिंतीवर पडला आणि हळूहळू खाली उतरू लागला. मग विहिरीचा रहाट वाजला. कुईं, कुईं, आणि थांबला. कुणीतरी कळशी कडेला ठेवल्यासारखा आवाज झाला. अंगणातून पावलं गेली, अनेक, घाई नसलेली, उत्सवाला जातात तशी. पाचोळा मोडला नाही. पावलं तेवढी ऐकू आली.

मग देवळाकडून झांज वाजली.

ती झांज मी ओळखतो. माझाच आवाज आहे तो. टण्ण, टण्ण, मग चिपळ्या, मग एक म्हातारा, फाटका, गोड आवाज. शब्द इथवर पोचत नव्हते, चाल पोचत होती. मध्येच सगळा समुदाय हसावा तसं व्हायचं आणि पुन्हा शांत. रिकाम्या गावात, भर उन्हात, कीर्तन रंगलं होतं. मला तेव्हा कळलं की गाव रिकामं का करतात. एरवी ऐकणाऱ्यांच्या इतक्या दाटीत गेलेल्यांना बसायला जागा कुठे मिळणार?

मी घाबरलो नव्हतो. अजून नव्हतो.

मागच्या दाराची कडी वाजली नाही, पण उन्हाचा चौकोन क्षणभर विझला, जणू कुणीतरी त्याच्या आणि माझ्या मधून गेलं. बांगड्या किणकिणल्या. तेलाच्या वाटीत शेंडी बुडाली, निथळली आणि माझ्या अंगावरून फिरली. डावीकडून उजवीकडे, मग मधोमध एक टिंब. तसं टिंब एकच बाई द्यायची.

आणि माझ्या कानाच्या खळग्यात आंगठा बसला.

मित्रांनो, चुलीत ओली राख होती. वेशीच्या आत कुठेही ठिणगी नव्हती. तरी मी तापू लागलो. विस्तवाचा ताप खालून येतो. हा त्या आंगठ्यातून येत होता. तेल तडतडलं, धुराची रेघ उठली. तेव्हा मात्र मी घाबरलो. कारण ती गुणगुणत नव्हती. देवळात चाल चालू होती, तिची आवडती, आणि ती साथ देत नव्हती. पीठ आणलं नव्हतं, ओतत नव्हती. वेशीच्या दिशेला तोंड करून ती हलक्या आवाजात एकच शब्द म्हणत होती.

"थांब गो. थांब. थांब."

त्याच वेळी वेशीबाहेर काय चाललं होतं, ते मला नंतर कळलं. आमच्या घरात ती गोष्ट इतक्यांदा झाली आहे, की मी तिथे असल्यासारखीच सांगू शकतो.

तवा घरीच राहिल्याचं दिव्याच्या लक्षात आलं तेव्हा ती हळहळली आणि तिने सत्यवानकाकांच्या घरचा तवा मागून घेतला. उघड्यावर दवात झोपून तिला सर्दी झाली होती, नाक चोंदलं होतं. ओल्या लाकूडफाट्याचा धूर सगळीकडे. तिने डब्यातलं पीठ ओतलं आणि घावणा असा आला, की शेजारणी बघायला आल्या. मऊ लुसलुशीत, वाटाण्याएवढाली जाळी. एकही चिकटला नाही.

"दिव्या गो, आज तुका सासूचो हात इलो!" सत्यवानकाका म्हणाले.

दिव्या फुलून गेली. ताटली संचितापुढे ठेवली. संचिताने हात पुढे केला आणि मागे घेतला.

"आजी नको म्हणता."

दिव्याचा हात थांबला. "काय म्हणालस?"

"आजी थांब म्हणता."

"खंय आसा आजी?"

पोरीने बोट दाखवलं. वेशीच्या आत, गावाकडे जाणाऱ्या रिकाम्या रस्त्याकडे. "घराकडे. तवो तापवता."

तिथे बसलेल्यांपैकी कुणी हसलं नाही. दिव्याने मुलीला आधी गोंजारलं, मग दटावलं. काल दुपारपासून पोरीने धड खाल्लं नव्हतं. भात मंद जाळावर शिजायला वेळ होता, शेजारी सगळीकडे पाव आणि बटर, आणि हिच्या पोटात कावळे. "एक घास खा गो बाय. तुझेच घावणे, तांदळाचे." घास ओठापर्यंत नेला. संचिताने दात आवळले आणि डोळ्यांतून पाणी काढलं. "माका आमच्या तव्यावरचो होयो."

निकेतला ते बघवेना. तो उठला. "मी तवो घेवन येतंय."

सत्यवानकाका आडवे आले. "खंय जातंस? देवाची हद्द आसा ती."

"काकानू, पोर उपाशी आसा. देवाक पोराची भूक कळाची नाय?"

काका बाजूला झाले. मग म्हणाले, "जा. पण थंय काय ऐकलंस तर उभो रवा नको. काय बघलंस तर हाक मारू नको. आणि कोणी हाक मारल्यान, तर ओ देव नको."

निकेत आला. त्याची चप्पल अंगणात वाजली आणि देवळातली झांज थांबली. कीर्तनात उशिरा कुणी आत शिरलं की सगळे मान वळवून बघतात, तशी ती शांतता होती. सारं गाव त्याच्याकडे बघत होतं आणि गावात कुणी नव्हतं. त्याने कडी काढली. त्याचा श्वास मला ऐकू येत होता. तो चुलीपाशी आला, वाकला, दोन्ही हातांनी माझे कान धरले आणि ओरडला.

आंगठा अजून तिथेच होता, मित्रांनो. त्याचा आंगठा तिच्या आंगठ्यावर पडला.

मी जमिनीवर आपटलो. टण्ण. तो आपल्या लालबुंद बोटांकडे पाहत राहिला, मग चुलीतल्या ओल्या राखेकडे, मग तेलाच्या वाटीकडे, जिच्यात शेंडी नुकतीच ठेवल्यासारखी हलत होती. "आये," असं त्याच्या तोंडातून निघत होतं. त्याने ते दातांनी अडवलं. खांद्यावरच्या टॉवेलात मला गुंडाळलं आणि छातीशी धरून धावत सुटला. मागे झांज पुन्हा सुरू झाली.

वेशीवर सत्यवानकाकांनी त्याच्या पायांवर पाणी घातलं. "कोण होता थंय?"

"कोणच नाय."

काकांनी टॉवेलाची घडी उघडली. माझ्या अंगावर ताजं तेल चमकत होतं. "मगे ह्येका तेल कोणी लायल्यान रे?"

निकेतने आपला हात पुढे केला. त्याच्या आंगठ्यावर फोड आला होता, त्याचा अंडाकृती डाग अजून आहे.

दिव्याने मला तीन दगडांच्या चुलीवर ठेवलं. डब्यातलं पीठ पळीत घेतलं आणि ओतलं. आणि घावणा धरला.

तिने खरवडून काढला, पुन्हा तेल लावलं, पुन्हा ओतला. पुन्हा धरला, कडेपासून मधापर्यंत, जणू माझ्या अंगातच उतरला. मी तुम्हाला शपथेवर सांगतो, मी धरत नव्हतो. माझी पाठ नितळ होती, तेल मुबलक होतं. कानाच्या खळग्यात जड काहीतरी होतं आणि ते सोडत नव्हतं.

"आता तर एकसुद्धा चिकटत नव्हतो," दिव्या कुरकुरली. "ह्याच पिठाचे!" संचिता तिच्या मांडीला टेकून बसली होती, ओठ सुकलेले, डोळे माझ्यावर. तिसऱ्यांदा दिव्याने कालथा घातला आणि तिचा हात मध्येच राहिला. ती हळूच म्हणाली, स्वतःशीच, "धरणा नाय ता. थांब म्हणता."

तिने डबा उन्हात ओढला आणि आत पाहिलं.

सकाळी धुरात तिने नुसती पळी घातली होती, पाहिलं नव्हतं. पीठ डब्याच्या गळ्यापर्यंत चढलं होतं. वर बुडबुडे होते, बारीक, असंख्य. एक फुटे, दुसरा उठे. सगळा पृष्ठभाग सावकाश वर येत होता, सावकाश खाली बसत होता. झोपलेल्या माणसाच्या छातीसारखा. पिठात कोणीतरी राहायला आलं होतं आणि ते श्वास घेत होतं.

दिव्याने डबा दूर सारला आणि पोरीला उचलून इतकं आवळलं, की संचिता म्हणाली, "आई, दुखता." बाजूला ताटलीत सकाळचे ते लुसलुशीत घावणे तसेच पडले होते. त्यांची सुंदर जाळी पाहून दिव्याने ताटली पालथी केली. तिथून कणकवली टेम्पोने किती लांब, आणि त्या टेम्पोभोवती झोपड्यांची केवढी दाटी, हे तिला मोजावं लागलं नाही.

सत्यवानकाकांच्या बायकोने, स्वप्नाकाकीने, कोरडं तांदळाचं पीठ दिलं. निकेतने पाणी उकळलं. दिव्याने उकड काढली, भाकरी थापली आणि मला हात जोडून वर टाकली. ती सुटली, फिरली आणि ढोलासारखी फुगली. वाफेने, मित्रांनो. नुसत्या वाफेने. माझ्या कानाच्या खळग्यातलं ओझं तेव्हाच कुठे उतरलं.

संचिताने पहिला तुकडा मोडला आणि वेशीकडच्या दगडावर ठेवून आली. मग जेवली. जेवताना तिने विचारलं, "पप्पा, आजीन तुमका चटको दिल्यान?" निकेतने मान फिरवली.

चौथ्या दिवशी कौल झाला, गाव भरलं. दिव्याने घरात पाऊल टाकताच चूल पाहिली. राख ओली होती तशीच, घट्ट बसलेली. त्यात विस्तव पेटल्याची खूण नव्हती. तेलाची वाटी मात्र कोरडी होती.

आता पुन्हा गावपळणीचं बोलणं सुरू आहे. परवा निकेत म्हणाला, "ह्या वेळी तवो आधी भरूया." दिव्याने मान हलवली. "तो हयच रवतलो. कोरडा पीठ आणि माझो तवो घेवया. ह्यो आईंक लागतलो." ती मला तेल लावून चुलीवर ठेवणार आहे, वाटी भरून ठेवणार आहे. संचिता म्हणते, शेंडीसुद्धा नवी कापून ठेवूया. मला झांज ऐकायची आहे, आणि मला भीतीही वाटते.

मित्रांनो, तुमच्या घरात एखादा बिडाचा तवा कोपऱ्यात पडला असेल तर त्याला बाहेर काढा. साबण लावू नका. राख, काथ्या आणि तेल एवढंच त्याला पुरतं. कुणाला पाव चालत नसेल तर त्याच्या ताटाला उपाशी म्हणू नका, आमच्याकडे त्याच्यासाठी पुष्कळ आहे. पीठ वाटाल तेव्हाच ओता. आणि एखाद्या सकाळी घावणा धरला, तिसऱ्यांदाही धरला, तर तव्यावर चिडू नका. डब्यातलं पीठ उजेडात धरून बघा. मागे कुणी उभं आहे का, ते मात्र वळून बघू नका. नुसतं थांबा.